आभार न मानायची रोपं

ऊमा द्रीकाचे आभार मानायचे माझे राहूनच गेलेत. कोमाखासला नवी सून म्हणून आले, तेव्हा शेजारच्या कुंपणावरून एक हात पुढे आला, त्यात जाडजूड पानांची फांदी. मी आभार मानायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "गप. रोपाचे आभार मानले की मूळ कुजतं. सासूनं शिकवलं नाही वाटतं?" आमच्या नामाक्वालँडात, दक्षिण आफ्रिकेच्या ह्या कोरड्या मुलखात, सगळेच हे पाळतात. म्हणून इथे लिहिते. लिहिलेलं मुळांना कळत नाही, असं धरून चालते.

सगळं गाव तिला ऊमा म्हणायचं, म्हणजे आजी. तिची बाग म्हणजे घरापुढचा खडकाळ उतार आणि हाताला लागतील ते डबे. जॅमचे, रंगाचे, नवऱ्याचे खाणीतले बूट, पोचे आलेलं एक तस्त. त्यांत पांढऱ्या गारगोट्या आणि गारगोट्यांत रोपं. कुठलं पायाच्या बोटांसारखं, कुठलं गुरांच्या खुरांसारखं. एक जात तर इतकी गुबगुबीत की तिचं नावच बाळाचे कुल्ले. माती कमी, खडे जास्त, आणि उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही. "झोपलीत ती," ऊमा म्हणायची. "झोपलेल्याच्या तोंडात कोणी पाणी ओततं का?" मागेल त्याला फांदी मिळायची.

नवरा, ऊपा म्हणजे आजोबा फ्लोर्स, तांब्याच्या खाणीत गुडघे घालवून घरी बसलेले. बागेकडे ढुंकून बघायचे नाहीत. "बायकोनं माझ्या बुटांत भाजी लावलीय," एवढंच ज्याला त्याला सांगायचे.

आमच्याकडे उन्हाळा नाताळात येतो. तशाच एका उन्हाळ्यात ऊमाचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिला स्प्रिंगबॉक शहरातल्या इस्पितळात ठेवलं. मी तेव्हा नदीकाठी द्राक्षतोडीला गेले होते. परत आले तर ऊपा अंगणात उभे, हातात बादली, आणि डब्यांत नुसता काळा चिखल. मरतच नाही म्हणून जिला आम्ही कानीडूद म्हणतो, तीसुद्धा बोट लावताच लिबलिबीत.

"रोज पाजलं गं," ते म्हणाले. "वाटलं, ही जगली तर तीही जगेल. मलूल दिसली तसं आणखी घातलं. शुक्रवारी ती घरी येतेय. काय तोंड दाखवू?"

माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

मग दारोदार फिरले. फार सांगावं लागलं नाही, कारण ऊमाची फांदी नाही असं दार गावात नव्हतंच. बायका आल्या, डबे धुऊन वाळवले, कोरडे खडे भरले, फांद्या खोचल्या. "ऊपा, ती बादली आधी माझ्याकडे द्या," त्यांतली लीना म्हणाली, तेव्हा तेही जरा हसले.

शुक्रवारी ऊमा कुबड्या टेकत फाटकातून आत आली. आम्ही सगळ्याजणी चहाला जमल्यासारख्या उभ्या. तिनं पहिल्याच डब्यातली फांदी उपटून पाहिली. मूळ नव्हतं.

"ही लीनाच्या दारातली. माझी कुठे गेली?"

ऊपा पुढे झाले. "मी मारली. रोज पाणी घातलं."

"नळ तर नाताळापासून कोरडा आहे. कुठलं घातलंस?"

"डोंगरावरच्या झऱ्याचं."

"तो चढ चढून? ह्या गुडघ्यांनी?"



ऊमानं आम्हा एकेकीकडे पाहिलं. फांद्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते आम्हाला बरोबर पोचलं. मग एक कुबडी भिंतीला लावून तिनं नवऱ्याचा हात धरला.

"फ्लोर्स, फार उपकार झाले तुझे."

"कसले उपकार? सगळी मेली की."

"रोपांचे मानायचे नसतात," ती म्हणाली. "मी पाण्याचे मानतेय."

ऊपा तिथेच पायरीवर बसले आणि आम्हा सगळ्यांदेखत रडले. ऊमा त्यांच्याशेजारी उभी राहिली, कारण तिला अजून बसता येत नव्हतं.