एस्तेरबाईंचा दुसरा प्रश्न

आदरणीय एस्तेरबाई साळवी यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरव अंकासाठी मी लिहावे, असा आमच्या चर्चच्या मंडळीचा आग्रह. खरे सांगतो, चार कागद फाडले. बाईंविषयी गोड गोड लिहायला बसलो की मला माझीच चीड येते.

बाईंची पहिली भेट पेणला झाली. लग्नानंतर आम्ही तिथे भाड्याने राहत होतो आणि बाई जवळच्याच शाळेत शिकवीत. रोज संध्याकाळी जेवणाआधी त्यांच्या घरी उपकारस्तुती चाले. पत्नीने मला ओढूनच नेले. आज देवाकडून काय मिळाले ते प्रत्येकाने सांगायचे, एवढीच रीत. मी आपली अन्न, वस्त्र, आरोग्य अशी यादी म्हणून टाकली. बाईंनी शांतपणे विचारले, हे कोणाच्या हातून मिळाले? देव देतो ते कोणा माणसाकरवी देतो, असे त्या म्हणत. त्याचे नाव घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन सांगायचे, असा त्यांचा नेम होता.

बाई स्वतः तो काटेकोर पाळीत. शेजारच्या गणपती रंगवणाऱ्या काकांनी एकदा त्यांच्या गळक्या कौलांवर आपली ताडपत्री टाकली. सकाळी बाई काकांच्या दारात हजर. एवढ्याशा कामाचे आभार कसले, म्हणून काका अगदी गडबडून गेले. बाई चहा घेऊन, सगळे नीट सांगूनच उठल्या. निवृत्तीनंतर त्या रोह्याजवळ वरसे गावात राहायला आल्या, तिथेही नेम तोच.

धाटावच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्हीही रोह्यालाच आलो. एका बुधवारी प्रार्थनासभा आमच्या घरी होती आणि नेमकी माझी सेकंड शिफ्ट. मी विलासला गळ घातली. विलास माझ्याच प्लँटवरचा, आतल्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तुमची पूजा हाय ना, मग जा तू, असे म्हणून त्याने शिफ्ट घेतली. त्याच संध्याकाळी पाईप फुटला आणि वाफेने विलासचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि साक्ष दिली, की देवाने माझी शिफ्ट बदलून मला वाचवले. माझ्या डोळ्यांत पाणी होते. लोक आमेन म्हणाले. बाई म्हणाल्या नाहीत.

"कोणाच्या हातून?" त्यांनी विचारले.

मी खाली बसलो. आठवडा उलटला होता आणि मी इस्पितळाकडे फिरकलोही नव्हतो. जाणार तरी कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या माझ्याबरोबर एसटीत चढल्या. वॉर्डात मी विलासला सगळे सांगितले, साक्षीसकट. त्याच्या बायकोने तोंड फिरवले.

"देवाचे आभार मान," विलास म्हणाला, "पण माझ्यासमोर नको. मला राग येतो."

बाई काहीतरी बोलून सावरून घेतील, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. बरोबर बोलतोय तो, एवढेच त्या म्हणाल्या आणि मोसंबे सोलायला लागल्या. परतताना मी विचारले, आता प्रार्थनेत काय म्हणू? "जमेल तेवढंच म्हण. खोटं समाधान देवालाही नको."

तेव्हापासून दर रविवारी उपासनेनंतर मी विलासकडे जातो. कधी भाताच्या रोपांवर बोलतो, कधी नुसते बसतो. तो लंगडतो, आता कारखान्याच्या गेटवर असतो. माझ्या मनाला काही स्वस्थता नाही. काही संध्याकाळी बाईंच्या घरी उपकारस्तुतीत माझी पाळी आली की तोंडातून शब्द फुटत नाही. बाई मला ओलांडून पुढच्याकडे वळत नाहीत, थांबतात. ताटातला भात गार होतो.

या अंकासाठी विलासलाही दोन ओळी मागितल्या. लिहिणार नाय, म्हणाला. पण निरोप दिला: "बाईंना सांग, तुला घेऊन आल्या तवा मला त्यांचा राग आला व्हता. आता रविवारी तुला उशीर झाला तर बायको दोनदा दाराशी जाते."

हा निरोप बाईंना अजून दिलेला नाही. त्या तो इथेच प्रथम वाचतील. परमेश्वर त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य देवो. मी वाचलो, याचे आभार आजही माझ्या घशात अडकतात. ते बाहेर पडतील तेव्हा ऐकायला बाई समोर बसलेल्या हव्यात.