शेठसारखा गप्प

काल रोह्याला आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या खिडक्या रंगवत होते. ओल्या रंगाचा वास आला आणि मनाने मी पेणच्या गणपती कारखान्यात जाऊन पोचले, जिथे बाबा कामाला होते.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा आदला दिवस होता. बाबा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते आणि शेजारी मी जुना लॅपटॉप घेऊन बसले होते. काळ्या पडद्यावर कमांड लिहून फोल्डर बनवायचं होतं. जमलं नाही तर विषयच सोडायचा, असं मी ठरवलं होतं. एंटर दाबलं, पण पडदा तसाच. मला रडूच आलं.

"काय झालं गो?"

"काहीच बोलत नाय, बाबा."

"आन् चुकलं तर?"

"तर लगेच सांगतो."

"मग आमचा शेठच हाय तो! काम बरोबर असलं की गप्प."

भीत भीत मी यादी दाखवणारी कमांड लिहिली. 'गणपती' फोल्डर खरंच तयार झालं होतं! मग 'उंदीर' बनवलं, 'मोदक' बनवलं. "बाबा, बघा ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

बाबांनी पडद्याकडे नीट बघितलं, ब्रश रंगात बुडवला आणि एक शब्दही न बोलता दुसरा डोळा आखायला घेतला.

तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं. काल मात्र लॅबमध्ये मी एकटीच हसत बसले.