मिरकरवाड्यावरची तुर्कीण

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुजबूज अशी, की गफूरला तुर्कस्तानातली एक मेलेली बाई लागली आहे. रोज असरची नमाज झाली की तो बर्फाच्या गाड्यांमागे, जिथं कुणी फिरकत नाही त्या टोकाला जातो, उजवा हात छातीवर ठेवतो आणि समुद्राकडे तोंड करून परक्या भाषेत काहीतरी पुटपुटतो. मासळीवाली मालन हे गिऱ्हाइकांना सांगते, आणि सांगताना सुरमई कापायची थांबते. म्हणजे गोष्ट किती गंभीर ते समजा.

"काय ओ गफूरभाय," ती त्याला आडवं घेते, "आज काय म्हनते तुमची तुर्कीन? जेवली काय?"

गफूर हसत नाही. हाच गफूर एकेकाळी पापलेटचा भाव करता करता मालनला शेर ऐकवायचा, आणि मालन भाव उतरवायची. तिचा नवरा नको म्हणाला म्हणून मी हे कुणाला सांगत नाही.

तेव्हा तो मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि बंदर आलं की भांग पाडायचा. प्रत्येक देशातलं एक वाक्य पाठ करायचं आणि तिथल्या पहिल्या सुंदर बाईला म्हणून दाखवायचं, हा त्याचा नेम. मोम्बासात त्याने चहावालीला "तू फार महाग आहेस" असं गोड आवाजात सांगितलं. ब्राझीलमध्ये एका पोरीला कळवलं, की मला तुझ्या आजीशी निकाह लावायचा आहे. आजी तयार होती, असं तोच सांगायचा आणि जेटी हसून लोळायची.

अर्थ चुकायचा, उच्चार मात्र कधीच नाही. लहानपणी मदरशात त्याने अरबी पाठ केली होती ती अशी, की मौलवीसाहेब डोळे मिटून ऐकत. शब्द कानात जसा पडला तसाच जिभेवर यायचा. उच्चार साधला की बाकीचं आपोआप साधतं, अशी त्याची समजूत झाली ती तिथूनच.

मग काळ्या समुद्रावरच्या एका लहान तुर्की बंदरात जहाज इंजिनाच्या कामासाठी अडकून पडलं. धक्क्यावर एका बाईचं चहाचं दुकान होतं. गफूर बघत बसायचा. पुरुष एकेक करून यायचे, टोपी काढायचे, छातीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचे. बाई नजर खाली घालायची, त्यांच्या हाताला हात लावायची आणि समोर चहा ठेवायची. पैसे कुणी देत नव्हतं. गफूर मनात म्हणाला, इथली रीत ही तर! दोन दिवसांत ते वाक्य त्याच्या कानात बसलं.

त्याचं लक्ष होतं शेजारच्या पाववालीवर. ती त्याला तीळ लावलेला कड्यासारखा पाव जास्तीचा द्यायची आणि हसायची. तिचा नवरा एका हिरव्या मच्छीमार होडीवर असतो हे गफूरला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं, एवढंच. वारा सुटला होता, होड्या परतल्या नव्हत्या, तिकडेही दिलं नव्हतं.

जहाज सुटायच्या सकाळी अत्तर लावून तो तिच्या दुकानात गेला, छातीवर हात ठेवला आणि वाक्य म्हणाला. तिच्या हातातला पाव खाली पडला. तिने त्याची बाही धरली आणि भराभरा काहीतरी विचारलं. कुठून आलास असं विचारत असेल, म्हणून त्याने समुद्राकडे बोट केलं. ती दुकान उघडं टाकून, एप्रनसकट, धक्क्याकडे धावत सुटली.

"लाजली," गफूर स्वतःशी म्हणाला.

दुपारी जहाज निघालं. जेवताना त्याने इंजिनवर काम करणाऱ्या तुर्की माणसाला ते वाक्य ऐटीत ऐकवलं. त्या माणसाने चमचा खाली ठेवला.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

चहावालीचा बाप त्याच आठवड्यात वारला होता. माणसं तिच्या सांत्वनाला येत होती.

गफूरचा उच्चार मोडका असता तर पाववाली हसली असती. पण गावातल्याच माणसासारखा तो तिला सांगून आला होता, की तुझं माणूस गेलं. आणि कुठं गेलं ते बोटाने दाखवून आला होता.

करार संपला तसा तो परत आला तो पुन्हा जहाजावर गेलाच नाही. मिरजोळ्याला बर्फाच्या कारखान्यात लागला, कौसरशी लग्न केलं. पण बेकरीची पायरी तो चढेना. बाजारात कुणी बाहीला हात लावला की अंग चोरायचा. होड्यांना उशीर झाला आणि बाया जेटीवर येऊन उभ्या राहिल्या, की हा मागच्या वाटेने निघून जायचा. एखादी आपल्याकडे बघेल आणि विचारेल, ही भीती.

कौसरने बरीच वर्षं पाव स्वतःच आणले. एक दिवस तिने पिशवी आपटली.

"खरां सांगा. ती कोन हाय?"

त्याने सगळं सांगितलं. कौसरने आपटलेली पिशवी उचलून खुंटीला लावली.

"माज्या बापाची होडी उशिरा आली होती तवा आयेनं चूल पेटवली नव्हती," ती म्हणाली. "तुमी हितं पाव सोडून बसलाव, आनि तिला खरां सांगनार कोन?"

तिनेच फोनवर ते बंदर शोधलं, धक्का शोधला, पाववालीच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर शोधला. गफूरने फोनच्या तोंडून तुर्कीतलं नवं वाक्य ऐकून ऐकून पाठ केलं: त्या दिवशी मी चुकीचं बोललो, कुणी मेलं नव्हतं, माफ करा.

फोन उचलला पाववालीनेच. गफूर न अडखळता बोलला. पलीकडे भट्टीतले पत्रे वाजत होते, ते थांबले. मग ती शांत आवाजात दोन लहान वाक्यं बोलली आणि फोन ठेवला.

गफूरला काही कळलं नाही, पण कान जुनाच होता. त्याने ऐकलं ते जसंच्या तसं कौसरच्या फोनला म्हणून दाखवलं. फोनवर मराठीत अक्षरं उमटली.

त्या दिवशी नाही. पुढच्या हिवाळ्यात.

तेव्हा मालन सांगते ते खोटं आहे. गफूरला कुणी लागलेलं नाही. बाई जिवंत आहे, पाव विकते. बुडाला तो तिचा नवरा. गफूर जेटीवर उभा राहून तिला सांत्वनाचं वाक्य म्हणायचा सराव करतो, आणि दुसरा फोन त्याने अजून केलेला नाही.