डी अक्षराची गाडी

हॅरॉल्ड सग्डनबद्दल चांगलं सांगावं असं माझ्याकडे काही नाही, आणि शोधायची इच्छाही नाही. स्कारक्लिफ गावात मोटारसायकलींचं पासिंग मी करतो. दर वर्षी सग्डन गाडी घेऊन यायचा, मी जिथे जिथे हात लावीन तिथे तिथे मागून फडक्याने पुसायचा, आणि पास झाल्याचा कागद माझ्या हातातून ओढून घ्यायचा. उभ्या जन्मात या माणसाने कुणाला ‘आभारी आहे’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. लोकरीच्या गिरणीत मुकादम होता. गिरणी बंद पडली, मुकादमी काही सुटली नाही.

त्याच्या शेजारी ग्लेडहिल राहतो. मधली भिंत कमरेएवढी. शहाऐंशी साली दोघांनी एकाच दुकानातून एकाच मॉडेलची निळी मोटारसायकल ठरवली. ग्लेडहिलने जुलैच्या मध्यावर पैसे भरले आणि गाडी घरी आणली. सग्डनने मात्र पैसे भरूनही गाडी दुकानातच चादरीखाली ठेवली आणि दोन आठवडे पावसात पायी गिरणीत गेला. कारण दर वर्षी एक ऑगस्टला नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं वर्षाचं अक्षर बदलायचं. जुलैपर्यंत सी, ऑगस्टपासून डी. अक्षर पाहिलं की अख्ख्या गल्लीला कळायचं कुणाची गाडी नवी, कुणाची जुनी. आमच्याकडे त्या काळी बरेच जण या अक्षरापायी जुलैभर कळ काढायचे, पण पुढे अठरा वर्षं त्याचा डंका पिटणारा हा एकटाच.

“काय ग्लेडहिल, गेल्या वर्षीची चालतेय ना अजून?” रोज सकाळी भिंतीवरून हे एकच वाक्य. दोन गाड्यांत सोळा दिवसांचं अंतर. ग्लेडहिल खाली वाकून गाडी पुसत राहायचा.

यंदाच्या वसंतात ग्लेडहिलच्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आणि इंडिकेटर लागेनासे झाले. मी त्याला नियम सांगितला. एक ऑगस्ट शहाऐंशीच्या आधी रस्त्यावर आलेल्या गाडीला इंडिकेटर नसले तरी चालतात. पण बसवलेले असतील तर चालूच हवेत. एक बंद असला तरी नापास, चारही काढून टाकले तर पास. नियम मी केलेला नाही. ग्लेडहिलने चारही दिवे काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवले, आणि मी गाडी पास केली.

सग्डनने हे सगळं भिंतीवरून पाहिलं. त्याचा मागचा डावा इंडिकेटर बर्फावर घसरून फुटलेला होताच. गाडी तीच, तर नियमही तोच, असं त्याने परस्पर ठरवलं. चारही दिवे उपटले, वायरींसकट कचरा डेपोत टाकले, आणि शनिवारी सकाळी अकराला ऐटीत माझ्याकडे आला. जुन्या कागदाची मुदत त्याच रात्री संपत होती.

“नापास,” मी म्हणालो.

ग्लेडहिलची कशी पास झाली, असं त्याने विचारलं.

“त्याची जुलैची आहे. तुझी एक ऑगस्टची. डी अक्षर हवं होतं ना तुला?”

इतकं सुख मला पासिंगच्या धंद्यात क्वचितच मिळालं असेल. पण त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला दिसला. दुसऱ्या दिवशी रविवारी त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बायको एडना माळरानापलीकडच्या गावात वृद्धाश्रमात होती, आणि ‘दोन वाजता येतो’ असा त्याने निरोप धाडला होता. रविवारी बस नाही. गावातली एकुलती एक टॅक्सी एका लग्नाला ठरलेली. नवे दिवे मागवले तरी बुधवारच्या आत येणार नव्हते. आणि कुणी आपल्या मोटारीने सोडावं, इतकं बरं नातं त्याने गावात कुणाशीच ठेवलं नव्हतं.

आणखी एक वाट होती. पुढचा नि मागचा दिवा कायमचा झाकून टाकला की ती फक्त दिवसा चालवायची गाडी ठरते, आणि मग तिला इंडिकेटर लागत नाहीत. मला माहीत होतं. मी बोललो नाही. त्याऐवजी म्हणालो, “दिवे ग्लेडहिलकडे आहेत. एकपर्यंत मी दुकान उघडं ठेवतो.” आणि त्याच्या मागोमाग मजा बघायला गेलोसुद्धा.

सग्डन भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ग्लेडहिल गाडी पुसत होता.

“ते दिवे दे,” सग्डन म्हणाला. मग एडनाचं नाव घेतलं, पन्नास वर्षांचं सांगितलं. ‘कृपा करून’ हे शब्द त्याच्या तोंडून आले, पण दाढ उपटल्यासारखे.

ग्लेडहिलने फडकं पिळलं. “दिवे देणार नाही. उद्या दीड वाजता मागे बस, सोडतो. आणि वळताना इशाऱ्याचा हात तू काढायचास. माझे दोन्ही हात हँडलवर लागतात.”

रविवारी अख्खं गाव जेवण उरकून दारात उभं होतं. लग्नातला सूट घातलेला सग्डन, मांडीवर केकचा डबा, सी अक्षराच्या गाडीवर मागे. चर्चच्या वळणावर त्याने डावा हात लांब केला. मागच्याने हात काढणं नियमात बसत नाही, पण रस्त्यावरचं पासिंग माझ्याकडे नाही.

पुढचं मला माझ्या मेहुणीने सांगितलं, ती वृद्धाश्रमात कामाला आहे. एडना टोपी घालून खिडकीत बसली होती. तिला नंबरप्लेट दिसत नाही आता, चकाकी तेवढी दिसते. आणि अठरा वर्षं पुसलेल्या त्या गाडीला चकाकी होतीच.

“शेवटी नवी घेतलीस म्हणायची, हॅरॉल्ड,” ती म्हणाली. “बरं केलंस.”

ग्लेडहिल बाजूलाच उभा होता, हेल्मेट काखेत. सग्डनने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“हो,” तो म्हणाला. “नवीच आहे.”

बुधवारी दिवे आले, मी गाडी पास केली, त्याने कागद ओढून घेतला. पुढच्या रविवारी तो स्वतःच्या, तेवढी चकाकी नसलेल्या गाडीने गेला. एडनाने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, ही जुनी कशाला आणलीस?