दुसरी पोळी

लिहिण्याचा सराव नसताना उतारवयात लेखणी धरतो आहे; वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

लेकीच्या वसतिगृहातल्या मेसचा अर्ज भरताना ‘एक वेळ की दोन्ही वेळ’ या रकान्यापाशी माझा हात थबकला. घरी तिने दुसरी पोळी कधी मागितली नाही. आम्हीच वाढत आलो. इथे ती अर्धपोटी उठली तर?

समोरच ती पहिल्यांदा तिथे जेवत होती. वाढणाऱ्या मावशींनी दुसरी पोळी पुढे केली, तेव्हा तिने “नको” म्हटले.

“लाजायला काय सासरी आलीयेस होय गं?” म्हणत मावशींनी पोळी ताटात वाढलीच.

ती हसली. “मग आमटीही वाढा, मावशी.”

मी निश्चिंतपणे ‘दोन्ही वेळ’वर खूण केली. आग्रह केवळ घरचीच माणसे करतात, असे मी इतकी वर्षे का मानले असेल? तुमच्या मुलांना घराबाहेर पहिला आग्रह कोणी केला?