गादीखालचा लॅपटॉप

फुआतिनोआत्या आमच्या गावच्या महिला समितीची चिटणीस. सामोआत घरोघरी मोलाच्या विणलेल्या चटया गादीखाली सपाट ठेवतात. समितीचा लॅपटॉपही तिने तिथेच ठेवला आणि वर स्वतः झोपू लागली.

तरी रोज सकाळी तो गरम लागे, चार्जिंगही संपलेलं असे. तिचा संशय थेट माझ्या आईवर.

"काय गं वहिनी, माझा डोळा लागला की काढतेस ना तो?"

"तुझ्याखालून काढायला क्रेन आणावी लागेल," आई तारोचे कंद सोलता सोलता म्हणायची.

एक दिवस लॅपटॉपचं झाकणच बसेना. मी दोघांना, म्हणजे आत्याला आणि लॅपटॉपला, राजधानी आपियातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बॅटरी टम्म फुगली होती.

"बंद करून ठेवत नाही का?" त्याने आत्याला विचारलं.

"झाकण लावते की!"

"तरी आत चालू राहतो, बाई. गादीखाली हवा नाही, म्हणून तापतो. बॅटरी पेटली असती! नवी घाला, नीट बंद करा आणि मोकळ्या टेबलावर ठेवा."

घरी आईने विचारलं, "सापडला चोर?"

आत्या फणकारली, "तो दुरुस्तीवालाच! उघड्यावर ठेवा म्हणतो मेला. त्याचीच नजर आहे लॅपटॉपवर!"