अप्पांची मशीन आणि वाकळेच्या घड्या

लोकांना चालायला शिकवून पोट भरणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. आजोबा मेंढरांमागे ठाणाकुशनूरपासून पार मांजरा नदीच्या काठाकाठाने चालत जायचे. त्याला कार्डिओ म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून बिचारे जन्मभर फुकट चालले. मी हैदराबादेत एका जिममध्ये काही वर्षं काढली, भिंतीवर टांगण्याजोगं एक सर्टिफिकेट मिळवलं आणि भालकीत बसस्टँडमागच्या गाळ्यात स्वतःची जिम काढली. तालमीतली पोरं यायची, आरशासमोर दंड फुगवायची आणि निघून जायची. ज्यांना पोटं होती ते लोक समोरच्या हॉटेलात भजी खात माझ्याकडे कौतुकाने बघत बसायचे.

दोन हजार दहाच्या आसपास अप्पा माझ्याकडे आले. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. जन्मभर ते गादीवर मांडी घालून बसले आणि बसल्या जागेवरून लुगडी उलगडून दाखवत राहिले. मग नवीन जमाना आमच्या पेठेपर्यंत पोचला. अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीवर असलेल्या मुलाने सुचवलं आणि दुकानाचं शोरूम झालं. काच आली, काउंटर आला, फिरती खुर्ची आली. गिऱ्हाईक तेच, लुगडीही तीच, फक्त अप्पा जमिनीपासून दीड हात वर गेले. अशी काही वर्षं गोल फिरल्यावर एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता खाली बसताच येत नाही. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन मांडी घालून करायची रोजची पूजा ते खुर्चीवर करू लागले. त्याचं त्यांना फार लागलं होतं, पण घरात बोलले नाहीत.

बोलायची वेळ नातवाने आणली. तो तिकडेच जन्मला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात लिंगधारणेसाठी, म्हणजे बाळाच्या अंगावर लिंग बांधायच्या विधीसाठी, गावी येणार होता. त्यांच्या घरची रीत अशी की आजोबाने जमिनीवर मांडी घालायची, बाळाला मांडीवर घ्यायचं आणि मग मठाच्या स्वामींनी लिंग बांधायचं. अप्पा माझ्या जिममध्ये एका बाकाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "वस्ताद, मला वजन कमी करायचं न्हाई. मला खाली बसायचंय. नातू घेऊन खुर्चीवर बसलो तर मी आजोबा कसला, दवाखान्यात नंबर लावून बसलेला पेशंट."

उदगीरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हाडं ठीक आहेत, वापर संपलाय. म्हटलं तर सोपं काम होतं. पण मुलाला कळलं आणि ते सोपं राहिलं नाही. त्याने मला लांबलचक मेल पाठवला. वडिलांचा व्यायाम आता हायब्रिड पद्धतीने होईल, आठवडाभर मी प्रत्यक्ष आणि रविवारी सकाळी तो ऑनलाइन. आमच्याकडे हायब्रिड म्हणजे ज्वारी, आणि तिची भाकर कुणी पाहुण्याला वाढत नाही. पण अमेरिकेतून आलेल्या शब्दाला कोण नाही म्हणणार? त्याच मेलमध्ये त्याने ठळक अक्षरांत बजावलं होतं की इंटरनेटवरच्या माहितीप्रमाणे या वयात जमिनीवर बसणं गुडघ्यांना घातक आहे, तेव्हा ते अजिबात नको. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी म्हातारा झुरत होता तेवढीच सोडून बाकी सगळं करायचं.

मी "ओके सर" असं उत्तर पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी अक्कांकडून, म्हणजे अप्पांच्या बायकोकडून, जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ मागून घेतली. तिच्या भरपूर घड्या घालून त्यांच्याच घरी उंच बैठक केली. अप्पांना तिच्यावर बसवायचं, गुडघे जितके खाली जातील तितकेच जाऊ द्यायचे, पंचा पावलांना अडकवून पाय हळूहळू ताणायचे. जमलं की एक घडी कमी. घाई करून ते गुडघा दाबायला गेले की मी हात धरायचो आणि म्हणायचो, जोर देऊ नका, होईल हळूहळू. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की अक्का स्वयंपाकघरातून माझ्याआधीच म्हणू लागल्या.

रविवारचा कारभार वेगळा. त्या दिवशी अप्पा अंघोळ करून, विभूती लावून, इस्त्रीचं धोतर, कोट आणि टोपी घालून वेबकॅमपुढे ताठ उभे राहायचे, फोटो काढायला स्टुडिओत उभे राहावं तसे. व्यायामाला कोट कशाला, असं मी एकदाच विचारलं. मुलगा बघायलाय न्हाई का, असं उत्तर मिळालं. शेजारच्या दोन बायकाही पदर सावरून मागे बसायच्या. तिकडे मुलाची शनिवारची रात्र असायची आणि तो खुर्चीत रेलून, चिप्स खात, वडिलांना हात वर करायला सांगायचा. मध्येच लाइट जायची आणि सगळ्यांची सुटका व्हायची.

एवढ्यावर मुलाचं समाधान झालं नाही. त्याने हैदराबादहून चालायची मशीन पाठवली. भालकीत चालायला जागा कमी पडत होती म्हणून नव्हे, तर मशीनवर आकडे दिसतात म्हणून. ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. खंडेनवमीला अक्कांनी दुकानाची कात्री, कापड मोजायचा गज, स्कूटर यांच्याबरोबर मशीनचीही पूजा केली. दांड्याला झेंडूचा हार घातला, पुढे नारळ फोडला, आणि जिथे पाय ठेवायचा त्याच पट्ट्यावर विभूतीची तीन बोटं ओढून मधोमध कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी मी अप्पांना वर चढवायला गेलो तर अक्का आडव्या आल्या. पूजा केलेल्या जागेवर पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, अक्का, पूजा तर स्कूटरचीही केली, ती कशी चालते? अक्का म्हणाल्या, "स्कूटरवर बसतेत बाबा, तिला तुडवत न्हाईत."

मी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. पुसून टाकू म्हटलं तर अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय परत काढला नाही.

तोड अप्पांनीच काढली. कॅमेरा मशीनच्या या बाजूला, अप्पा त्या बाजूला जमिनीवर उभे, एक हात दांड्यावर. पाय मशीनमागे झाकलेले. मशीनने स्वतः चालायला अक्कांची हरकत नव्हती. तेव्हा रविवारी मी बटण दाबायचो, पट्टा विभूतीसकट रिकामाच फिरायचा, अप्पा शेजारी जागच्या जागी पावलं उचलायचे आणि अमेरिकेतून शाबासकी यायची. मुलगा म्हणायचा, स्पीड वाढवा. मी वाढवायचो. पट्टा धावायचा, अप्पा त्याच चालीने कोट सांभाळत चालायचे, आणि मुलगा म्हणायचा, बघा, किती सहज जमतंय. इतकं बिनत्रासाचं ट्रेनिंग मी पुढे कुणालाच देऊ शकलो नाही.

उन्हाळ्यापर्यंत वाकळेची एकच घडी उरली होती. ती काही केल्या निघेना. ती काढली की अप्पांचा उजवा गुडघा वर राहायचा आणि ते स्वतःच ती परत घालायला लावायचे. मुलगा, सून आणि बाळ घरी पोचले तरी ती घडी होतीच. मुलाने आल्याआल्या मशीन बघितली, पट्ट्यावरच्या पुसट तीन रेघा बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मी बाळाकडे बघितलं.

विधीच्या सकाळी मला तरुणपणी केलेल्या शरीरसौष्ठवाच्या एकाही स्पर्धेत वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती. स्वामी येऊन बसले. भिंतीशी वाकळ घडी करून ठेवली होती, लागलीच तर म्हणून. अप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. एक हात जमिनीला टेकवून ते सावकाश खाली गेले, पाय आत घेतले आणि बसले. उजवा गुडघा थोडा वर राहिला, मग तोही टेकला. सुनेने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. माझे डोळे भरून आले, उगाच लपवत नाही.

मग स्वामी मुलाला म्हणाले, तुम्हीही शेजारी बसा. मुलगा नव्या रेशमी धोतरात अर्धा वाकला आणि तिथेच थांबला. हसला. परत वाकला. तिसऱ्या वेळी मागे हातांवर आदळला, दोन्ही गुडघे छातीशी आणि मांडी काही होईना. सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीतच जगणारा माणूस तो. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणायला उठलं. मला टोमणा सुचला होता, पण त्याचं तोंड बघून गिळला.

"खुर्ची नको," अप्पा म्हणाले. "वस्ताद, ती वाकळ द्या इकडं."

मी तिच्या भरपूर घड्या घातल्या. अप्पांनी एका हाताने बाळ सावरत दुसऱ्याने ती मुलाखाली सरकवली. मुलगा गुडघा दाबायला गेला तसा त्यांनी त्याचा हात धरला. "जोर देऊ नको. व्हईल हळूहळू."

मुलगा परत गेला. रविवार सकाळचा कारभार चालूच राहिला, फक्त उलटा झाला. आता तो तिकडे ब्लँकेटच्या घड्यांवर बसायचा आणि अप्पा इकडे जमिनीवर मांडी घालून, कोट-टोपीत, त्याला बघायचे. मी बाजूला उभा, नावापुरता ट्रेनर. काही आठवड्यांनी तो कंटाळला. म्हणाला, अप्पा, इथे कुणीच खाली बसत नाही, मला हे शिकून काय करायचंय?

अप्पा बसल्या जागेवरून स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "घरी आलास की कुठं बसशील रे मग?"

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी वाकून नेटची वायर तपासली. नेट चालू होतं.